अक्काला चौकटीत बसवण्याची हकीकत

महाड, रविवार दुपार

तीर्थस्वरूप अक्कास,
धाकट्या महिपतीचा सविनय जय भीम.

तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का? काळी शेळी व्याली असेल एव्हाना. ही सगळी चौकशी मी फोनवरच केली असती, पण गेलं वर्षभर तू माझा फोन उचलत नाहीस. भावोजी उचलतात, पण तू शेजारीच बसलेली असतेस, त्यामुळे ते बिचारे "राँग नंबर हाय रे महिपती" एवढंच म्हणतात आणि ठेवून देतात. (त्यांचा माझ्यावर राग नाही, हे मला ठाऊक आहे. मागच्या वेळी ठेवण्याआधी त्यांनी जेवलास का, असंही विचारलं.) म्हणून पत्राने कळवतो. पाकिटावर तिकीट लावलेलं दिसलं की तुझ्याने ते परत पाठववणार नाही, एवढी माझी खात्री आहे.

आई बरी आहे. खुब्याचं हाड हळूहळू धरतंय, पण डॉक्टरांनी अजून कॉटवरून उतरायची परवानगी दिलेली नाही. बाहेरच्या खोलीत खिडकीशी कॉट लावली आहे. वीस मार्चला चवदार तळ्याकडे जाणारी सगळी गर्दी तिने तिथून पाहिली आणि कोण बारीक झालं, कोण सुटलं, हे संध्याकाळी आम्हाला सांगितलं. रोज सकाळी तुझी भावजय उज्वला चहा घेऊन गेली की आई विचारते, काशी आली का. उज्वला नाही म्हणते. मग ती माझ्याकडे बघत बघत तो चहा थंड करते.

आता मुद्द्याचं. महिन्याभरापूर्वी तुझा सख्खा भाऊ टेप घेऊन तुझी जागा मोजायला आला होता, अशी जी बातमी तुमच्या वाडीतून पोलादपूरच्या बाजारात आणि तिथून माझ्या आधी माझ्या घरी पोहोचली, ती साफ खोटी आहे. मी आलो होतो, हे खरं. टेप होती, हेही खरं. मी मोजत होतो, हे तर नाकारताच येत नाही. पण जागा मोजत नव्हतो. मुळापासून सांगतो, म्हणजे तुझा गैरसमज दूर होईल.

मूळ म्हणजे आमच्या गौतमीच्या लग्नातला विहारातला फोटो. बाबांनी गोदीत असताना बोटीवरच्या खलाशाकडून घेतलेला कॅमेरा मी हौसेने बाहेर काढला. भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे सरकलो आणि फोटो काढला. त्यात जावईबापू हर्षद यांच्याकडची सगळी माणसं आली. जो कोणाचा कोण हे अजून कोणाला ठरवता आलेलं नाही, तो निळ्या शर्टातला गृहस्थही अख्खा आला. तुझा मात्र पदर आणि एक कोपर तेवढं आलं. फोटो हातात पडल्यावर साळसूद चेहरा करून मी तो लपवायला हवा होता, पण मी तो सगळ्यांदेखत तुझ्याच हातात दिला. त्यावर तू जे बोललीस ते सगळ्या भावकीने ऐकलं आहे. "तुझ्या ह्या डब्यात मी अख्खी मावेन ना रे, त्या दिशी चढेन तुझा उंबरा. तवर नाय." मी तुला कापलं नव्हतं अक्का. त्या लेन्सची नजरच अरुंद आहे. हे मी तेव्हाही सांगत होतो, पण तू रिक्षात बसली होतीस.

तू शब्दाची पक्की. आई पडली तेव्हा दवाखान्यात रोज डबा घेऊन आलीस (दवाखान्याला माझा उंबरा नव्हता), आणि ज्या दिवशी तिला घरी आणलं त्या दिवसापासून बंद. आता आईने हट्ट धरलाय की चारही लेकरांबरोबर तिचा एक फोटो हवा. खोली केवढी, तू जाणतेसच. कॉट हलत नाही, भिंत हलत नाही, आणि तू तर दोन्हींच्या वर. गौतमीच्या मोबाइलमध्ये अख्खी आळी मावते, हे मला कळतं. पण अट तू डब्याची घातलीस. म्हणजे त्या डब्याला रुंद नजरेची, ज्याला वाइड अँगल म्हणतात ती लेन्स मिळवणं आणि तीही माझ्या पेन्शनीत, हा एकच मार्ग उरला.

पहिल्यांदा बाजारपेठेतल्या स्टुडिओत गेलो. तो हल्ली कपांवर फोटो छापतो. त्याने कॅमेरा हातात घेतला, वजन केल्यासारखा खालीवर केला आणि समोरच्या चष्म्याच्या दुकानात पाठवलं. तिथून मी नवीन चष्मा घेऊन आलो. (जुना नंबर वाढला होता. इतके दिवस मी लेन्सवरचा अंतराचा जो आकडा तीन समजून लावत होतो, तो आठ निघाला. विहारातल्या फोटोत सगळे धुक्यात उभे असल्यासारखे का दिसतात, याचा उलगडा त्या दिवशी झाला.) मग गौतमीने मोबाइलवर शोधून एक लेन्स दाखवली. तिच्या किमतीत दुभती म्हैस आली असती, आणि म्हशीला निदान दूध असतं. तो विषय तिथेच संपला. शेवटी बसस्टँडवर कोणीतरी आंबेनळी घाटातल्या सोमाचं नाव सांगितलं. हा आता घाटात चहा आणि कणसं विकतो, पण पूर्वी महाबळेश्वरच्या पॉइंटवर पर्यटकांचे फोटो काढायचा, आणि त्याची जुनी पेटी अजून माळ्यावर आहे म्हणे.

एसटी तुमच्या थांब्यावर थांबली तेव्हा तू हातात कोंबडी धरून उभी होतीस. मी खाली वाकून चपलेचा बंद बांधत होतो. माझ्या चपलेला बंद नाही, हे तू पाहिलंस का ते मला माहीत नाही. कोंबडीने पाहिलं.

सोमाकडे लेन्स निघाली. बुरशी नाही, कडी मऊ फिरते, आपल्या डब्यावर बरोबर बसते. पैसे नकोत म्हणाला. त्याच्या परसाची हद्द कुठून कुठे, हे एकदा नीट मोजून दे म्हणाला. जुन्या सवयीने टेप माझ्या पिशवीत असतेच. दिली मोजून. मग त्याने लेन्सची खोड सांगितली. हा कॅमेरा अंतर ओळखत नाही, हे तर जुनंच दुखणं. समोरचा माणूस किती मीटरवर आहे ते आपण अंदाजाने ठरवायचं, कडी त्या आकड्यावर आणायची, आणि चूक झाली तर फिल्म धुऊन आल्यावर कळून घ्यायची. आता त्यात भर म्हणजे कॅमेऱ्याच्या खिडकीतून दिसतं ते जुन्या लेन्सपुरतंच. नवी लेन्स त्याबाहेरचं किती घेते, हेही अंदाजाने. अक्का, मी सगळी नोकरी मोजणी खात्यात केली. अंदाज हा शब्द मी साहेबांसमोर कधी उच्चारला नाही. म्हणून मी ठरवलं की उगाच तुला बोलवावं आणि पुन्हा कोपरच यावं, यापेक्षा आधी तपासून घ्यावं. उज्वलावर तपासता आलं असतं, पण अट तुझ्याबद्दल होती.

म्हणून येताना तुमच्या थांब्यावर उतरलो. तू अंगणात पापड वाळत घालत होतीस. मी टेपचं टोक तुझ्या कुंपणाच्या निरगुडीला अडकवलं आणि मागे मागे सरकत पाच मीटर भरवले. तेवढ्यात तुमचा शेजारी रायबा शेळ्या घेऊन वर आला आणि ओरडला, "अगो काशे, भाव तुझा जागा मोजतोय बघ गो!" महामार्गाचं रुंदीकरण झाल्यापासून आपल्याकडे टेप दिसली की माणसं आधी कागद शोधतात आणि मग काठी. तू कागद वगळलेस. मी पाच मीटरवर कडी लावून उभा होतो. तू आलीस दोन मीटरवर. हात घाबरला की बटण आपोआप दाबलं जातं. त्यानंतर मी थेट पोलादपूरच्या रस्त्याला लागलो, हे वाडीने पाहिलेलंच आहे.

फिल्म हर्षदने मुंबईत धुऊन घेतली. फोटो सोबत जोडला आहे, नीट बघ. तू अख्खी आहेस. डोक्यावरच्या काठीचं टोकसुद्धा आलंय. दोन्ही पाय आलेत, त्यातला एक हवेत आहे. डावीकडे पापड, उजवीकडे रायबा आणि त्याच्या शेळ्या. तू थोडी धूसर आली आहेस, कारण तू ठरल्या जागी थांबली नाहीस. मागची निरगुडी मात्र अशी स्वच्छ आहे की टेपवरचे आकडे वाचता येतात. तुझी अट मावण्याची होती, स्पष्ट येण्याची नव्हती. तू माझ्या डब्यात मावलीस. आता उंबऱ्याचं काय ते तू बघ.

भावोजींना राँग नंबरचा जय भीम सांग. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा,
महिपती

ता. क. टेप तुझ्या निरगुडीलाच राहिली. ती घेऊन ये. पोस्टाने पाठवू नकोस, हरवते.

आणखी एक. गेल्या रविवारी दासगावहून धोंडूदादा आणि खेडहून आम्रपाली, अशी आपली उरलेली दोन्ही भावंडं आली होती. तू काही येत नाहीस, निदान आहेत तेवढ्यांचा काढून ठेवावा म्हणून मी जुनीच लेन्स लावली आणि कॅमेरा उज्वलाच्या हातात दिला. तू नसलीस की आम्ही सगळे जुन्या लेन्समध्ये आरामात मावतो, अक्का. वर जागा उरते. उज्वला बटण दाबणार तेवढ्यात आईने पदर तोंडावर ओढून घेतला. "काशी नाय, तर फोटो नाय." किती विनवलं, पण माणसं जेवून गेली तरी तिने पदर काढला नाही. हा स्वभाव कुठून आला ते तुला सांगायला नको. तुझी जागा उशाशी धरली आहे. खिडकीपासून दोनेक हातांवर असेल. टेप तुझ्याकडे आहे, म्हणून अंदाजाने सांगतो.