रिसाल्याच्या जागेवरची घरं

आबा,

आज तळ्याकाठी पाया खणताना घोड्याचा खूर निघाला, नालासकट. तो नाल तुमच्या हातचा आहे. हे सांगायला तुमच्याशिवाय कोणी नाही.

मी आता तामीरातीच्या कचेरीत सरकारी इमारतींचे नकाशे काढतो. हे पाहायला तुम्ही नव्हतात. तुम्ही ज्याचे नालबंद होतात तो घोडदळाचा रिसाला मोडल्यापासून छावणीची ती जागा ओसाड पडली होती. तिथं कारकुनांसाठी घरं बांधायचं ठरलं, आणि आमच्या साहेबांच्या डोक्यात मुंबईचे समुद्रकाठचे बंगले. बीडच्या मुलखात समुद्र कुठला, पण तळं तर आहे. मग मी नव्या तऱ्हेची घरं काढली. पाण्याकडं तोंड, लांब ओसरी, दारांएवढ्या खिडक्या, आरपार वारा. अशा उघड्या घरात बायकामाणसं राहतील कशी म्हणून कारकून कुरकुरले, पण साहेब खूश झाले.

खड्ड्यात एकच घोडा नव्हता. ओळीनं होते, आणि डोक्याच्या हाडांना गोळीची भोकं. मजूर कुदळी टाकून बाजूला झाले. मी नालावरचा गंज खरवडला. खिळे सगळे बाहेरच्या कडेला, आतली कड निमुळती. पांढऱ्या पायाची ती घोडी चालताना पायावर पाय घासायची, म्हणून तिच्यापुरता असा नाल तुम्ही घडवत होतात. भट्टीजवळ बसून मी बघत असे.

नाल कुठंच झिजलेला नव्हता, अगदी कोरा. मारायच्या जनावराला नवा नाल कोण ठोकतं? मग रिसाला मोडला तेव्हाचा तो दिवस आठवला. तुम्ही हसत घरी येता. "समद्या घोड्यायला नवे नाल मारले," म्हणता. "समुद्राकडं निघालेत. वाट लई लांबची हाय. तिथं गार वारं असतंय, अंगावर माशीबी बसत न्हाई." दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. त्यानंतर घोड्याला हात लावला नाहीत, जन्मभर विळे आणि खुरपी केलीत. मी विचारलं की मात्र दरवेळी सांगायचात, "हाय की घोडी. समुद्रावर हाय. सावलीत उभी असंल."

रात्रीतून हुकूम फिरला की तुम्हाला आधीपासूनच फसवलं, हे आता कोण सांगणार? ते सगळं पोटात ठेवून तुम्ही मला समुद्र सांगत राहिलात. मला अजून खरं वाटत नाही.

त्या जागेवर कुणाची चूल पेटलेली मला बघवणार नाही. दुपारी साहेबांना म्हणालो, माती भरावाची आहे, पाया धरणार नाही, घरं मागं घेऊ. ते तडकले. "समुद्रकाठची घरं पाण्यापासून लांब कोण बांधतं? तू समुद्र पाहिलायस का कधी?" मी हटलो नाही. शेवटी त्यांनी नव्या नकाशावर सही केली, आणि खड्डा बुजेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.

हे पत्र धाडायचं तरी कुठं? एवढं मात्र सांगून ठेवतो. साहेबांना मी "पाहिलाय" म्हणालो. मी मुंबईला कधी गेलेलोच नाही, आबा. तुम्ही सांगितला तेवढाच पाहिलाय.