माझ्या रक्तातलं कॅल्पेन

५ जानेवारी १९८७, निपाणी
गाइडचं पत्र. ३१ तारखेला रक्तातलं कॅल्पेन हे एन्झाइम काढून दाखवा, नाहीतर पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन रद्द. सात वर्षं राबलो त्याचं हे फळ! जपानवाल्यांना त्याचा जीनसुद्धा सापडला. सापडू दे. बेळगावात एन्झाइम मीच काढणार. आप्पांनी वखारीत तंबाखूची पोती वाहून मला शिकवलं, आख्ख्या गल्लीला सांगून बसलेत, पोरगा डॉक्टर होतोय. संकल्प: राग बंद, तंबाखू बंद.

१० जानेवारी, बेळगाव, लॅब
स्वतःचं रक्त दिलं. तांबड्या पेशींत हे एन्झाइम झोपून असतं. कॅल्शियम मिळालं की उठतं आणि प्रोटीन कापत सुटतं. टेस्टआधीच मिळालं तर स्वतःलाच कापून संपवतं. म्हणून कॅल्शियमचा कणही नको. शिपाई मायाप्पाला काचसामान तीनदा धुवायला लावलं. ओरडून ओरडून घसा बसला. डोकं शांत करायला एकच चिमूट तंबाखू मळली, चुना जरा जास्त. मग रक्ताच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबून ती झकास हलवली.
रिझल्ट शून्य. मायाप्पा नालायक.

१७ जानेवारी
शून्य! नळी गार ठेवायचा बर्फच कच्चा होता. कॅम्पातल्या बर्फवाल्याला फोनवर झाडला. ज्युनियर जयाबाई म्हणते, सर, अंगठ्याऐवजी बूच लावा. म्हटलं, तू शाळेत होतीस तेव्हापासून हा अंगठा लॅबमध्ये आहे. संताप आवरेना, म्हणून दोन चिमटी. संकल्प पुढच्या महिन्यापासून लागू.

२४ जानेवारी, दुपारी ३
परत शून्य. मायाप्पा म्हणतो, रागावू नगा सर, पर चुना म्हंजे क्याल्शियमच न्हवं? लई शहाणा! चौथी पास माणूस मला केमिस्ट्री शिकवणार! हाकलला बाहेर. हात धुतले मात्र. धोतराला पुसतात तसे पँटला पुसले. मग एक चिमूट.

३१ जानेवारी
गाइडसमोर डेमो. दोन नळ्या, दोन्हींत रक्त माझंच, रीत माझीच; एकीला मी अंगठा लावला, दुसरीला जयाबाईनं बूच. तिच्या नळीत एन्झाइम ठणठणीत. माझ्या नळीत काही नाही. गाइडनी माझा अंगठा उलटा करून बघितला आणि सोडून दिला. अंगाची लाही लाही झाली. कुणावर ओरडावं ते सुचेना.

३ फेब्रुवारी, निपाणी
रजिस्ट्रेशन रद्द. काम जयाबाईकडे. माझ्या रक्तात कॅल्पेन भरपूर आहे म्हणे, म्हणून रक्त माझंच पाहिजे. दर शनिवारी दहाला, उपाशीपोटी.
आप्पांनी विचारलं, आता बेळगावला कशाला जातोस रं? म्हटलं, रिसर्चला.