क्षमा चौथ्या रविवारी

३० नोव्हेंबर, रविवार
आगमनकाळ सुरू. यंदा ख्रिसमसपर्यंत फक्त मौन, चिंतन आणि मनाची तयारी. मोबाइल, टीव्ही बंद.
थोरल्या भावालाही माफ करायचं ठरवलंय. आईच्या कबरीच्या दगडावर दादानं मला न विचारता बायबलचं वचन कोरून घेतलं, तेव्हापासून आमचं बोलणं नाही. पण घाई नको. आगमनकाळाचे रविवार चार: आशा, शांती, आनंद, प्रेम. चौथा प्रेमाचा, त्या दिवशी कळंब्याला त्याच्या घरी जाऊन माफ करीन. शालन म्हणाली, आजच जावा की. बायकोला चिंतनाची शिस्त नाही.

३ डिसेंबर
मौन उत्तम. मॅच होती म्हणून टीव्ही लावला. आवाज बंद ठेवून.

८ डिसेंबर
वहिनींचा फोन. (मोबाइल बातम्यांपुरताच चालू होता.) दादा विसरायला लागलाय. तळ्यावर फिरायला गेला नि घर सापडेना. आरिफ रिक्षावाल्यानं आणून सोडला. भावजी, तुमचं नाव घेत्यात, येऊन जावा, म्हणाल्या. वयानं होतं असं. मीही चष्मा विसरतो. शिवाय हा आठवडा शांतीचा.

१४ डिसेंबर, रविवार
चर्चमध्ये तिसरी मेणबत्ती. आनंदाची. लक्ष लागलं नाही. दादापुढं काय बोलायचं ते पाठ करतोय. आधी त्याची चूक, मग माझा मोठेपणा. शालन म्हणाली, नुसतं जाऊन बसा की जवळ. तिच्यावर ओरडलो. मौन मोडलं. ह्यालाही दादाच जबाबदार.

१७ डिसेंबर
वहिनींचा पुन्हा फोन. उचलला नाही. रविवारी प्रत्यक्षच बोलू.

२१ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ
जाऊन आलो.
दादा बाहेरच्या सोप्यात खुर्चीवर होता. दाढी वहिनींनी केलेली, हनुवटीला कापलेलं. मी समोर बसून सगळं बोललो, दगडापासून. एवढं शांतपणे त्यानं माझं कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, पटलं.
संपल्यावर वहिनींना म्हणाला, पावण्यांची आई वारलीया वाटतं, च्या कर त्यास्नी.
वहिनी आत गेल्या. मी मागं गेलो. म्हणाल्या, गेल्या आठवड्यापर्यंत वळखत हुते, म्हणून मी फोन करत हुते.
चहा घेतला. दादानं विचारलं, आई कशानं गेली. झोपेतच, म्हणालो. त्यानं माझा हात धरला. बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाला, तुमास्नी कोण भाऊबिऊ हाय का न्हाय.
हाय, म्हणालो.