मेक्सिकोचा सिनेमा कोणी सुचवला

नाना, तुम्ही साक्रीकडची आपली शाळा सोडून भुसावळला मुलाकडे राहायला आलात, तेव्हा तुमचे आम्ही दोनच जुने विद्यार्थी या गावात होतो. मी मालधक्क्यावरचा कारकून आणि तो शिंपी. तुम्हाला भुताखेतांच्या सिनेमाचं वेड. घरी येताना रामरक्षा म्हणावी लागली तरच सिनेमा चांगला, ही तुमची परीक्षा. पण "या खेपे काय देखानं?" हे तुम्ही विचारायचात त्याला. मी शेजारी उभा असायचो. एकदा मधे बोललो, तर हसून म्हणालात, "तुले काय समजस त्यामा? तू तुनी पोथी वाच." तो दात काढून हसला. त्या दिवशी पोथी उघडली, पण अक्षर लागलं नाही.

रेल्वे कॉलनीच्या हॉलचे पडदे तो शिवायचा, म्हणून तिथे साहेबलोकांसाठी आलेले सिनेमे त्याला आधी बघायला मिळायचे. पुतणीच्या लग्नाला धुळ्याला निघताना तो माझ्याकडे आला. "नानाले सांग, शनिवारना सिनेमा देखाच. मेक्सिकोना शे, बोली स्पेननी. इंग्रजनं भूत पैलवानसारखं अंगवर येस. यासनं भूत घरनंच माणूस शे. मेलेली माय रोज जेवाले येस, अन् लेकरं तिचं ताट वाढतस. तू बी जाय. भ्याव वाटनं तं नानाना हात धर!"

मी निरोप दिला, पण त्याचं नाव गाळलं. ताटाचं, पैलवानाचं, सगळं माझंच म्हणून सांगितलं. शनिवारी दुपारी तुम्ही एकटेच गेलात. सोबत गेलो तर बोलता बोलता खोटं उघडं पडेल, म्हणून मी पूजेचं निमित्त केलं. परतताना तुम्ही माझ्या ओट्यावर बसलात. मग म्हणालात, "रामरक्षा म्हनीच नही. त्या मायले हाकलानं मनच व्हयनं नही." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून, "आते समजनं तुले, माले काय लागस."

आठवड्यातच तुम्ही देवाघरी गेलात. तो धुळ्याहून आला आणि सगळ्यात आधी मला विचारलं, "नाना गयथात का सिनेमाले?" मी म्हणालो, "नाही रे, तब्येत बरी नव्हती." तो खाली बसला.

आता मी पन्नाशीला टेकलो. अजून कधी मशीन थांबवून तो म्हणतो, "नाना जाता तं त्यासले आवडता तो सिनेमा." मी मान हलवतो. रोज देवापुढे बसतो, तिथेही हे बोललेलो नाही. त्याला एकदा सांगावं, एवढंसंच तर आहे. पण नाना, तुमचा तो हात पाठीवरून काढून त्याला द्यायला मन अजून होत नाही.