कुंपणाच्या अलीकडे

११ फेब्रुवारी, मंगळवार

'नदीकाठच्या माणसांनो! तुमचे पाय गेले, आणि वर तुम्हांलाच खोटं ठरवलं!' – आज अशीच सुरुवात केली. टाळ्या पडल्या नाहीत. कुबड्या जमिनीवर आपटल्या. असा आवाज आजवर कुठल्याच सभेत ऐकला नव्हता.

युद्ध संपलं त्याला माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली. नदीच्या काठाला तेव्हा पेरलेले सुरुंग कुणी काढले नाहीत. तारेचं कुंपण घातलं, लाल पाट्या लावल्या, हात झटकले. पण माणसं जायबंदी होतात ती कुंपणाच्या बाहेर, कुरणात! गुरं वळताना, सरपण वेचताना. आणि कचेरीतला अधिकारी दर वेळी एकच शेरा मारतो – कुंपण ओलांडले. कुरणाजवळच्या वस्तीवर सगळे ज्यांना मावशी म्हणतात, त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. त्या त्याला तोंडावर म्हणाल्या होत्या, "साहेब, ओलांडायला पाय लागतात. माझा तर कुंपणाशी पोचायच्या आधीच गेला!" आज हे सभेत सांगितलं तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं त्याच हसल्या.

घरी आले तर आजोबा दारातच. "आली का तोफ?"

हो म्हटलं. एवढंच. ते सैन्यात सुरुंग पेरणाऱ्या तुकडीत होते, आणि याच नदीवर होते, हे सभेत बोलले नाही. अजून तरी नाही.

१३ फेब्रुवारी

गच्चीत आजोबांच्या कुंड्यांना पाणी घातलं. टोमॅटो, मिरच्या, गुलाब, एक लिंबूसुद्धा – सगळं कुंड्यांतच. घरामागे चांगली ऐसपैस काळी जमीन मोकळी पडली आहे. तिच्यात त्यांनी कधी कुदळ घातली नाही. मी विचारलं की म्हणायचे, "पाठ दुखते."

आई रुग्णालयात पाळ्या करायची. मला वाढवलं ते त्यांनीच. गणवेशाची इस्त्री अशी, की घडीनं बोट कापावं! केस मात्र विंचरता यायचे नाहीत, दोन्ही वेण्या दोन दिशांना. मैदानावरून शाळेत जाताना ते पुढे आणि मी मागे. "माझ्या पावलावर पाऊल टाकायचं. इकडे तिकडे नाही." मला तो खेळ वाटायचा. मी उड्या मारत जायचे. ते कधी हसायचे नाहीत.

पहिल्या वक्तृत्व स्पर्धेच्या आधी स्टुलावर बसून ऐकलं त्यांनी. "गळ्यातून ओरडतेस. पोटातून काढ आवाज. शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटलं पाहिजे, हे आपल्यालाच सांगतायत." आज हजार माणसांपुढे मी उभी राहते ती त्या स्टुलामुळे. आणि बोलते ते त्यांच्या युद्धाविरुद्ध.

१६ फेब्रुवारी, रविवार

विचारलं शेवटी. सरळ. "आजोबा, तुम्ही कुठे पेरले?"

कात्रीनं मिरचीचं पिवळं पान कापलं. मग दुसरं. मग एक चांगलं हिरवंही.

"तिकडे जाऊ नकोस तू."

"का?"

"नको म्हटलं ना!"

माझ्यावर इतक्या वर्षांत आवाज चढवला नव्हता. मीही चढवला. "त्या बाईचा पाय गेलाय आणि तुम्ही अजून हुकूम पाळताय? कुणाचा? ते सगळे साहेब मरून गेले!"

उठून आत गेले. कात्री कुंडीत तशीच खोचलेली.

१९ फेब्रुवारी

बोलून टाकलं. भर सभेत. "ज्या हातांनी सुरुंग पेरले ते हात माझ्या घरात आहेत. त्यांनी मला भरवलंय. आणि ते अजून गप्प आहेत!"

सभा पेटली. खाली उतरताना पायरी चुकले. मावशींनी माझा दंड धरला. कुबडीवाल्या बाईनं मला आधार दिला! म्हणाल्या, "घरच्याला चारचौघांत नेलंस. आता घरी कशी जाशील?"

२० फेब्रुवारी

पेपरात छापून आलं. शेजाऱ्यांनी आणून दाखवलं, अगदी काळजीच्या चेहऱ्यानं.

आई भाजी चिरता चिरता बोलली, वर न बघता. "माझ्या बापाला चव्हाट्यावर बसवलंस. रात्री झोपेत हाका मारतो तो माणूस. तुला माहीत आहेत कुणाच्या? मलाही नाही. मी विचारलं नाही कधी. सगळंच विचारायचं नसतं गं."

म्हटलं, "न विचारल्यानंच तर–"

"भाषण नको. स्वयंपाकघर आहे हे."

२३ फेब्रुवारी

आजोबा चार दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. कुंड्याही सुकल्यात.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी बुटांना पॉलिश करत बसले होते. माझ्याकडे न बघता – "गाडी सांग. तिथं जाऊ."

मी चहाचा कप ठेवून फोन घेतला.

मग बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना ऐकलेलं नाही. "सुरुंग पेरताना आधी एक पक्की खूण धरायची. झाड नाही, झाड पडतं. दगड नाही, कुणीही हलवतो. आम्ही पूल धरला. आमच्या बाजूचं त्याचं टोक. तिथून पाण्याच्या वाहत्या दिशेनं मोजत गेलो. नकाशावर तेच लिहून दिलं, म्हणजे युद्ध संपल्यावर कुणीतरी तिथूनच मोजत येईल आणि काढेल. काढायचेच होते ते. मला वाटलं, काढले. कित्येक वर्षं वाटत राहिलं. मग पाय जायला लागल्याचं कानावर आलं, आणि वाटलं, माझंच मोजताना चुकलं."

"म्हणून गप्प होतात?"

"बूट दे तो दुसरा."

त्यांचा हात हातात घ्यावासा वाटला. बूट दिला.

२७ फेब्रुवारी

वाईट दिवस. लिहून काढते सगळा.

आजोबांना घेऊन नदीवर गेले. मी बोलावलेला कचेरीतला अधिकारी नकाशा घेऊन पुलावर आला होता – तरुण, स्वच्छ, बोलायला गोड. नकाशा बरोबर आजोबांनी सांगितल्यासारखाच: पुलाच्या टोकापासून, वाहत्या दिशेनं. कुंपण त्या मोजणीवरच घातलंय. "बघा ना," तो म्हणाला, "तंतोतंत आहे. म्हणजे लोक आत शिरतात, दुसरं काय?"

आजोबा पुलाच्या कठड्याला हात लावून उभे. खाली पाण्याकडे बघत. मग म्हणाले, "हा नाही."

"काय हा नाही?"

"पूल. हा नाही."

अधिकारी माझ्याकडे बघून हसला. नुसतं ओठातल्या ओठात. "वय झालं की होतं असं. आमच्याकडेही आहेत आजोबा."

मी आजोबांना समजावत राहिले – नदीवर हा एकच पूल आहे, गावातल्या कुणालाही विचारा. ते खालच्या अंगाला बोट दाखवत राहिले. "खाली चला. अजून खाली." ड्रायव्हर म्हणाला, पुढं रस्ता नाही, कुरण लागतं. मी एकटीच बघून येते म्हणून डांबरीवरून उतरायला गेले, तर माझं मनगट असं आवळलं त्यांनी, की वळ उठले! सोडलंच नाही, गाडीत बसेपर्यंत.

परतताना मला आईच्या नावानं हाक मारली. दोनदा.

त्यांच्यावर चिडले होते मी. खरं तेच लिहायचं तर लाज वाटली त्यांची, त्या इस्त्रीच्या शर्टातल्या पोरापुढे. माझा एकुलता एक साक्षीदार, आणि तो पूल ओळखत नाही!

असो. मोर्चा ठरला. रविवार, २ मार्च. सगळे कुंपणाबाहेर कुरणात जमणार, रोज गुरं बसतात त्या तुडवलेल्या भागात, बायका-मुलं धरून. तिथेच उभे राहून म्हणायचं – बघा, आम्ही बाहेर आहोत!

१ मार्च

ट्रक ठरले. कर्णा ठरला. मावशींचा फोन – "वरच्या वस्तीवरची पण येतायत गं! कुरणात मावणार नाहीत." आवाजात लग्नघरासारखा आनंद.

भाषण तयार. चांगलं झालंय. आजोबांबद्दलचा भाग काढून टाकला. आई म्हणाली, "शहाणपण सुचलं म्हणायचं."

तरी सकाळपासून चारदा वाचून झालं. सभेच्या आधी असं होत नाही मला.

२ मार्च, रविवार, गाडीत

चहा पिताना आजोबांनी विचारलं, "लोकांना उभं कुठे करणार?" म्हटलं, कुरणात, कुंपणाच्या बाहेर. त्यांनी कप खाली ठेवला. "कुरण तर आमच्या पुलाखालचं." पुन्हा तेच! मी म्हटलं, आजोबा, पूल वर आहे, आपण बघितला, तोच पूल. तर माझ्याकडे असं बघितलं, जशी मीच सगळं विसरून गेलेय. "तो कसा असेल? आमचा पूल आम्हीच उडवला. शेवटचा माणूस अलीकडे आला की लगेच."

मावशींना फोन केला. "जुना पूल? हो की, खाली होता, कुरणाच्या तोंडाशी. आम्ही युद्धानंतर परतलो तेव्हा नव्हताच. मग वर हा नवा बांधला. का गं?" मोजणी पुलापासून आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हांला कोण नकाशा दाखवतंय, म्हणाल्या.

सुरुंग मोजले जुन्या पुलापासून, कुंपण मोजलं नव्यापासून. कुंपणाच्या आत काहीही नाही. सगळं बाहेर आहे.

दोन ट्रक पोचलेत. मावशींना रस्त्याच्या कडेला उभं राहायला सांगितलंय. भाषण फाडलं. कर्ण्यावरून फक्त हे बोलायचं, एक शब्द जास्त नाही:

आहात तिथेच डांबरी रस्त्यावर उभे राहा. मुलांना उचलून घ्या. कुरणात एकही पाऊल टाकू नका.