साक्षीला येशील तेव्हा

प्रिय आई,

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. आपल्याकडे फोन स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवलेला असतो आणि माझी खुशाली अण्णांसोबत निम्मी गल्ली ऐकते. सोमवारी तुझी साक्ष आहे. त्याआधी एक गोष्ट फक्त तुझ्याशी बोलायची आहे. पोस्टमन येतो तेव्हा घरात तू एकटीच असतेस. सावकाश वाच.

मी बरी आहे. इथे शहरात द्वारका चौकाजवळच्या खोलीत शाझिया आणि मी मजेत राहतो. मला कांदा बारीक चिरता येत नाही म्हणून ती रोज चिडवते, कांद्याच्या कळवणची असून? आम्ही दोघी कोर्टातल्या साक्षीदार मदत कक्षात कामाला आहोत. आमची निकिता कोर्टात साहेब आहे, असं तू बायांना सांगतेस. साहेब नाही गं. ज्यांनी गुन्हा सोसला किंवा पाहिला, त्यांच्यासोबत साक्षीच्या दिवशी बसणारी मी मुलगी आहे. आधी त्यांना रिकामं कोर्ट दाखवते, इथे न्यायाधीश, इथे तुम्ही, आरोपी पडद्याच्या पलीकडे. वेगळ्या खोलीत बसवते, चहा देते. काय बोलायचं ते मात्र कधीच सांगत नाही.

मागे दिंडोरीकडचे रंगनाथबाबा आले होते. गावातल्या भांडणात कोयता कुणी चालवला, ते त्यांनी पाहिलं होतं. पण ते आले आरोपीच्या भावाच्या जीपमधून. वाटेत त्या लोकांनी त्यांना मिसळ खाऊ घातली, उतरताना हात दिला. कोर्टात बाबा म्हणाले, मला काय आठवत नाय. नंतर खोलीत येऊन त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग मला म्हणाले, “पोरी, ज्यांच्या गाडीत आलो त्यांच्या तोंडावर कसं बोलू? अन् परत त्यांच्याच गाडीत बसायचंय ना!” कुणी धमकी दिली नव्हती. आम्ही पडदा लावला, खोली वेगळी ठेवली. पण गावाहून निघणारी गाडी एकच असते, आणि कुणी बस म्हटलं की आपल्याकडे माणूस नाही म्हणत नाही. हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

परवा विंचूरच्या बाजारात चांगुणावहिनी अचानक भेटल्या. महेशदादाचं घर सोडल्यापासून त्या तिथेच भावाकडे असतात. डाव्या हाताला पिशवी पेलत नाही. तुझी तब्येत विचारली, साक्षीबद्दल अक्षर काढलं नाही. महेशदादा कोर्टात म्हणतो, बायको जिन्यावरून घसरली. त्या दुपारी त्यांच्या घरासमोर, आपल्या गच्चीवर कुरडया वाळत घालणारी तू एकटीच होतीस. तुला काय दिसलं, ते मी तेव्हाही विचारलं नाही, आताही विचारत नाही.

रविवारी तू फोनवर सहज म्हणालीस, “खंडेरावबाबा म्हणले, एसटीत कशाला हाल, आमच्या गाडीत जागा हाय. लय अगत्यानं म्हणले गं.” महेशदादाचे वडील स्वतः मागेच बसून हसत होते, ते मला ऐकू आलं, म्हणून मी विषय बदलला. हे पत्र त्यासाठी आहे. आई, त्या गाडीत बसू नकोस. गाडी लागते म्हण, काहीही सांग, पण सकाळच्या एसटीनं ये. सीबीएस स्टँडवर शाझिया तुला घ्यायला उभी असेल. मी तुझी मुलगी, म्हणून या खटल्यात मला तुझ्याजवळ बसता येणार नाही. तू काय सांगायचंस ते तुझं तू ठरव. आठवत नाही म्हणालीस, तरी मी कधी कारण विचारणार नाही. फक्त कुणाच्या उपकाराखाली बोलू नकोस. संध्याकाळी लगेच घरी जाऊ नकोस. त्यांचं दार आपल्या दारासमोर आहे, हे मी विसरलेले नाही. दोन दिवस माझ्याकडे राहा. मी रजा टाकली आहे. मग आपण दोघी मिळून गल्लीतून चालत घरी जाऊ.

तुझीच,
निकिता