दहा दिवसांचे थेंब

४ ऑगस्ट
सकाळी पापण्या चिकटलेल्या. कोमट पाण्यानं सोडवल्या तर समोर बायको, हसतेय. "रांजणवाडी हाय, दुसरं काय न्हाई." इतक्या वर्षांत सुमनबाईंचं निदान एकदाही बरोबर आलेलं नाही. डॉ. म्हणाल्या, पापण्यांच्या कडांना सूज. थेंब दिले, स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक एकाच बाटलीत. दिवसातून चारदा. "दहाच दिवस हं, काका." शिवाय गरम फडक्याचा शेक.

५ ऑगस्ट
शेक घेताना आई आठवली. दापोडीच्या खोलीत माझे डोळे आले की ती पदराचा बोळा करायची, त्यावर तोंडानं वाफ सोडायची आणि पापणीवर दाबायची. "हालू नगं." पदराला पिठाचा वास. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. आज फार आठवण आली. फडकं गार झालं तरी काढलं नाही.

९ ऑगस्ट
लाली गेली! जादूच. चाकणच्या कारखान्यात आज एका ओतीव पार्टवरची केसाएवढी चीर पकडली, तपासणीच्या कॅमेऱ्यानं पास केलेली. आमचे मॅनेजर पवार साहेब: "काका, डोळा आहे की भिंग?" खूश. ऑक्टोबरात कंपनीची डोळे तपासणी. त्यात पास झालो तर निवृत्तीपर्यंत इन्स्पेक्शनचं टेबल माझं. नाही तर स्टोअरला बसा बोल्ट मोजत.

१८ ऑगस्ट
कोर्स तेरालाच संपला. आज परत खाज. बाटलीत थोडं उरलंय, टाकून कशाला द्यायचं? एक थेंब.

१३ सप्टेंबर
मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न विचारता दुसरी बाटली दिली. कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासायची, तारीख उलटलेला मापाचा गेज मी टेबलावर येऊ देत नाही, त्यावरून माणसांशी भांडलोय. आणि इथे... जाऊ दे. तपासणीपर्यंतच.
पिंपरीच्या जुन्या वर्कशॉपमध्ये डोळ्यात कण गेला की उस्ताद रुमालाच्या टोकानं काढायचे. पाठीत एक धपाटा, की परत मशीनवर. डोळे म्हणजे फुकटचा माल वाटायचा तेव्हा. दिवस मात्र छान होते.

२९ सप्टेंबर
कंपनीच्या तपासणीआधी एकदा बघून घ्यावं म्हणून डॉ.कडे. दोन्ही डोळ्यांचा दाब वाढलेला. "थेंब कधी बंद केले?" सगळं सांगितलं. चिडल्या. स्टेरॉइड फार दिवस घातलं की दाब वाढतो, आतली नस खराब होते, कळतसुद्धा नाही. गेलेली नजर परत येत नाही. ते थेंब बंद, दाबाचं वेगळं औषध. दोन आठवड्यांनी नसेची तपासणी.
भीती वाटली. खरंच.

३० सप्टेंबर
सुमनला सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. "टेबलापायी डोळं घालवताय व्हय?" एवढंच. मग मेथी निवडत बसली. मीही बसलो निवडायला.

१२ ऑक्टोबर
पवार साहेबांना मीच खरं सांगितलं, माझी तपासणी पुढे ढकला म्हटलं. "टेबलाचं बघू," म्हणाले. त्या 'बघू'चा अर्थ मला कळतो.
उद्या सकाळी दहाला डॉ.कडे, नसेच्या तपासणीला. तीस वर्षं दुसऱ्यांनी बनवलेले पार्ट पास-फेल करत आलो. पार्ट घेऊन समोर उभ्या माणसाला काय वाटत असेल, कधी मनातही आलं नाही. सुमन म्हणाली, "मी बी येते." एरवी नको म्हटलं असतं.